पोलिसाला मारहाण केल्याचा गुन्हा दाखल झाला तर काय? कलमं, जामीन आणि कोर्टातला बचाव : सविस्तर माहिती

वाळूचा ट्रॅक्टर अडवला, यात्रेत बंदोबस्तावरच्या पोलिसासोबत बाचाबाची झाली, अतिक्रमण काढताना लोक जमले, नाहीतर बांधाच्या भांडणात पोलीस आले आणि ढकलाढकली झाली. आपल्या तालुक्यांत पोलिसांना मारहाण केल्याचे गुन्हे बहुतेक अशाच प्रसंगांतून दाखल होतात. प्रकार पाच मिनिटांचा असतो, पण केस पाच-सात वर्षं चालते. तोवर पोरगं भरतीच्या चारित्र्य पडताळणीत अडकतं, पासपोर्ट थांबतो आणि घरचे जामिनासाठी सातबारा घेऊन तालुक्याला चकरा मारतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. पोलिसावर हात उचलणं हा गुन्हाच आहे. बंदोबस्तावर उभा असलेला शिपाई पण कुणाच्या तरी गावचा पोरगा असतो. पण प्रत्येक फिर्याद जशीच्या तशी खरी असते असं कायदाही मानत नाही. कुणी खरंच मारलेलं असतं, कुणी फक्त आवाज चढवलेला असतो, आणि कुणी तर नुसता गर्दीत उभा असतो. हा फरक कोर्टात कसा दाखवायचा याची माहिती खाली दिली आहे.

"३५३ लागली" म्हणजे आता काय?

गावात अजून सगळे "३५३" म्हणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. त्या तारखेआधीच्या घटनेला जुनीच कलमं लागतात, नंतरच्या घटनेला नवी.

- कलम १३२ (जुनं ३५३): सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर. शिक्षा २ वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात २०१८ पासून जुन्या ३५३ ला ५ वर्षांपर्यंत शिक्षा होती, म्हणून घटनेची तारीख महत्त्वाची.
- कलम १२१ (१) (जुनं ३३२): कर्तव्यापासून रोखण्यासाठी दुखापत करणं. शिक्षा ५ वर्षांपर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही.
- कलम १२१ (२) (जुनं ३३३): त्याच कारणासाठी गंभीर दुखापत करणं. कमीत कमी १ वर्ष, जास्तीत जास्त १० वर्षं आणि दंड. ही केस सेशन कोर्टात चालते.
- कलम २२१ (जुनं १८६): सरकारी कामात अडथळा. ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड.

पहिली तिन्ही कलमं दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नाही. तो पोलीस ठाण्यात हक्कानं मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

बरोबर आणखी कलमं येतात. पाच किंवा जास्त माणसं असतील तर गैरकायदेशीर जमाव आणि दंगल (१८९ ते १९१). डोक्यात घाव असेल किंवा अंगावर गाडी घातल्याचा आरोप असेल तर खुनाचा प्रयत्न (१०९, जुनं ३०७). पोलिसांची गाडी फोडली तर सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान. जमावबंदीचा आदेश असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७ आणि १३५.

साधी दुखापत की गंभीर? सगळा फरक इथं

१२१ (१) आणि १२१ (२) यांत पाच वर्षं आणि दहा वर्षं एवढा फरक आहे. तो ठरतो दवाखान्याच्या कागदावर. न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे प्रकार ठरवून दिलेत : डोळा किंवा कान कायमचा जाणं, अवयव किंवा सांधा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड मोडणं किंवा निखळणं, दात पडणं, जिवाला धोका होणं, किंवा १५ दिवस तीव्र वेदना होणं अथवा रोजची कामं करता न येणं. जुन्या कायद्यात हे २० दिवस होते.

म्हणजे रक्त आलं किंवा टाके पडले म्हणून दुखापत आपोआप गंभीर होत नाही. आणि रक्त न येता मनगटाचं हाड मोडलं तर ती गंभीर होते. म्हणून बचावाच्या वकिलानं पहिल्यांदा जखमेचा दाखला बघावा. त्यात काय तपासायचं?

- तपासणीची तारीख आणि वेळ. घटना संध्याकाळची आणि तपासणी दुसऱ्या दिवशी दुपारची असेल तर मध्ये काय झालं?
- हाड मोडलं असं लिहिलं असेल तर एक्स-रेची प्लेट आणि रेडिओलॉजिस्टचा अहवाल आहे का?
- जखम ताजी की जुनी, कशानं झाली, याबद्दल डॉक्टरांनी काय लिहिलंय? फिर्यादीत काठी आणि दाखल्यात "पडल्याने शक्य" असेल तर तो मुद्दा मोठा आहे.
- पंधरा दिवसांचं म्हणणं असेल तर त्या काळातली रजा आणि ड्युटीचं रेकॉर्ड काय सांगतं?

गंभीर दुखापत सिद्ध झाली नाही तर बाकी सगळं खरं धरूनही कलम खाली येतं. बऱ्याच केसेसमध्ये बचावाचं खरं काम एवढंच असतं, आणि ते छोटं नाही.

गुन्हा दाखल झालाय असं कळलं तर पहिलं काय करायचं?

पळू नका. पाहुण्याकडं जाऊन लपणं हा आपल्याकडचा ठरलेला सल्ला, आणि तो चुकीचा आहे. फरार राहिलं की अटकपूर्व जामिनाला तेच कारण आडवं येतं.

एफआयआरची प्रत मिळवा. २०१६ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की संवेदनशील गुन्हे सोडून एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या वेबसाईटवर टाकायची. नेट नसेल तर अडचण धरून थोडा जास्त वेळ. महाराष्ट्र पोलिसांच्या साईटवर जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारीख टाकून मोबाईलवरच बघता येते.

कलमं बघून रस्ता ठरवा. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अर्णेश कुमार प्रकरणात बजावलंय. १३२ आणि १२१ (१) या मर्यादेत बसतात. अशी नोटीस आली (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५) तर दिलेल्या तारखेला हजर राहायचंच, आणि हजर राहिल्याची पोच घ्यायची. गेला नाही तर अटकेचं कारण आपण हातानं दिलं. १२१ (२) किंवा १०९ असेल तर हे संरक्षण धरून बसू नका, लगेच वकील गाठा.

अटकपूर्व जामीन सेशन कोर्टात किंवा हायकोर्टात मागतात (कलम ४८२). गुन्ह्यात ॲट्रॉसिटीचं कलम असेल तर अटकपूर्वला कायद्यानंच अडसर आहे, हेही वकिलाला आधीच विचारा.

अटक झाली तर हे हक्क लक्षात ठेवा

- अटकेची कारणं सांगितलीच पाहिजेत. ती लेखी आणि आरोपीला कळेल अशा भाषेत द्यावीत, असं सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलंय.
- अटकेचा पंचनामा करायचा, त्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही घ्यायची आणि नातेवाईकाला कळवायचं. डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये हे ठरलं, आता ते कायद्यातच आहे.
- प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं हजर करायचं.
- अटकेनंतर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी. अंगावर वळ, सूज, जखम असेल तर डॉक्टरला सांगून नोंद करून घ्या. हा कागद पुढं फार कामाला येतो.
- चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येतं, पण वकील पूर्ण वेळ शेजारी बसेल असं नाही.
- पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. साक्षीदाराच्या किंवा आरोपीच्या पोलीस जबाबावर सही घ्यायची नसते. पंचनामा आणि अटकेचा कागद वेगळा, त्यावर सही लागते, पण वाचून.

मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलं की साहेब विचारतात, "काही तक्रार आहे का?" बरेच जण घाबरून "नाही" म्हणतात. कोठडीत मारलं असेल तर तिथंच, त्याच दिवशी सांगायचं. नंतर सांगितलेलं "मागाहून सुचलेलं" ठरतं.

पीसीआर, एमसीआर आणि जामीन

पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त मिळत नाही. पण नव्या कायद्यात हे पंधरा दिवस एकदम न घेता तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात. काठी जप्त झाली, जबाब झाले, कपडे जप्त झाले, तर "आता कोठडी कशाला?" हा प्रश्न वकिलानं विचारायचा असतो.

१२१ (२) सेशनची केस असल्यानं जामीन अर्ज बहुतेक वेळा सेशन कोर्टात करावा लागतो. कोर्ट बघतं : आरोपीचं नेमकं कृत्य काय, जखम किती, आधीचे गुन्हे आहेत का, तो पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का. शेती, घर, लहान मुलं, गावातलं कायमचं राहणं याचे कागद अर्जाला जोडा. सातबारा, आठ-अ, आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला. जामीनदाराची ऐपत दाखवायला पण हेच लागतं, म्हणून अर्ज मंजूर व्हायची वाट न बघता आधी जमवून ठेवा.

चार्जशीट ठरलेल्या ६० किंवा ९० दिवसांत आलं नाही तर जामीन हक्क म्हणून मिळतो. आपल्या कलमाला किती दिवस लागू होतात ते वकिलाकडून पहिल्याच आठवड्यात मोजून घ्या. मुदत संपताच अर्ज करावा लागतो. चार्जशीट आधी दाखल झालं तर हा हक्क गेला.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं जा. कोठडीतला आरोपी, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाईन १५१०० आहे.

पुरावा पहिल्या आठवड्यात गोळा होतो, नंतर नाही

मोबाईलचा व्हिडिओ : ज्या फोनवर काढला तो फोन आणि मूळ फाईल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरलेली फाईल दबलेली असते, तिच्यावर प्रश्न निघतात. कापाकापी करू नका, गाणं टाकू नका, स्टेटसला ठेवू नका. कोर्टात डिजिटल पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, ते वकील तयार करून घेतात.

सीसीटीव्ही : चौकातलं दुकान, पेट्रोल पंप, पतसंस्था, ग्रामपंचायत यांचं रेकॉर्डिंग बऱ्याच ठिकाणी थोड्या दिवसांत पुसलं जातं. लगेच लेखी अर्ज देऊन पोच घ्या. घटना पोलीस ठाण्यातली असेल तर तिथले कॅमेरे महत्त्वाचे. २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे आणि १८ महिने साठवण, तशी सोय नसेल तर निदान एक वर्ष, असा आदेश दिलाय. ते फुटेज जपून ठेवावं म्हणून कोर्टात अर्ज करता येतो.

ठाण्याची नोंदवही आणि ड्युटी : फिर्यादी पोलीस त्या वेळी कुठं ड्युटीवर होता, किती वाजता निघाला, किती वाजता परत आला, हे स्टेशन डायरीत असतं. हे रेकॉर्ड आणि मोबाईलचे कॉल रेकॉर्ड कोर्टामार्फत मागवता येतात (कलम ९४).

साक्षीदार : टपरीवाला, एसटीचा कंडक्टर, शेजारचा शेतकरी. नात्यातला नसलेला माणूस जास्त मोलाचा. पण साक्षीदाराला पढवायला जाऊ नका. उलटतपासणीत ते पहिल्या दहा मिनिटांत उघडं पडतं.

जाता जाता, पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून शासकीय गुपिते कायद्याचा गुन्हा होत नाही, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये म्हटलंय. तरीही कॅमेरा पोलिसाच्या नाकाला लावून भांडण वाढवण्यात शहाणपण नाही.

कोर्टात बचाव कशावर उभा राहतो?

गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची आहे. १३२ आणि १२१ मध्ये त्यांना साधारण या गोष्टी दाखवाव्या लागतात, आणि बचाव यातल्याच एखादीवर बोट ठेवतो.

१. तो पोलीस तेव्हा कर्तव्यावर होता का? सुट्टीवर असताना ढाब्यावर किंवा भावकीच्या भांडणात झालेली मारामारी ही साध्या मारहाणीची केस होऊ शकते, १२१ ची नाही. पण कलम १२१ मध्ये आधी केलेल्या ड्युटीचा राग काढण्यासाठी मारलं तरी ते येतं, हे विसरू नका.

२. तो पोलीस आहे हे माहीत होतं का? साध्या वेशात, रात्री, ओळखपत्र न दाखवता कुणी गाडी अडवली तर हा मुद्दा खरा असतो. खाकीत असेल तर नाही.

३. बळ वापरलं का? नुसते शब्द म्हणजे हल्ला नाही, असं न्याय संहितेच्या कलम १३० च्या स्पष्टीकरणातच आहे. २०१५ मध्ये माणिक तनेजा प्रकरणात बेंगळुरू वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रार लिहिणाऱ्यावर लावलेलं ३५३ सुप्रीम कोर्टानं रद्द केलं. शिवी दिली तर दुसरी कलमं लागतील, पण तिला हल्ला म्हणता येत नाही.

४. हेतू होता का? पोलीस हात धरून ओढतो, माणूस झटका देऊन हात सोडवतो, पोलीस घसरून पडतो. यात मारायचा किंवा कर्तव्यापासून रोखायचा हेतू होता की नुसती झटापट होती, हे कोर्ट आजूबाजूच्या परिस्थितीवरून ठरवतं.

५. मारणारा हाच का? जमावाच्या केसमध्ये हा सगळ्यात मोठा मुद्दा. "दहा-बारा इसम" असं लिहून पुढं वीस नावं येतात. कुणी काय केलं, नाव कुणी सांगितलं, ओळखपरेड झाली का, लाईट होती का, हे विचारायचं. फक्त बघायला उभा असलेला माणूस गैरकायदेशीर जमावाचा भाग होत नाही. मात्र समान उद्देशानं सामील होता हे दिसलं तर स्वतः हात न लावताही शिक्षा होऊ शकते.

६. आरोपीच्या अंगावर जखमा कशा आल्या? १९७६ च्या लक्ष्मी सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की त्याच घटनेत आरोपीला झालेल्या मोठ्या जखमांचा खुलासा सरकार पक्षानं केला नाही, तर घटनेची खरी सुरुवात लपवली असं अनुमान निघू शकतं. म्हणून वरती वैद्यकीय नोंदीवर एवढा भर दिलाय.

"मी तिथं नव्हतोच" असा बचाव असेल तर तो पक्क्या पुराव्यानं दाखवावा लागतो. दवाखान्याची पावती, बाजार समितीची काटापट्टी, टोलचा फोटो. अर्धवट सांगितलेला असा बचाव उलटा अंगावर येतो. आणि "सगळे साक्षीदार पोलीसच आहेत" एवढ्यावर कुणी सुटत नाही. पोलिसांची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते. त्यांच्या जबाबातली विसंगती दाखवावी लागते.

स्वसंरक्षण म्हणता येतं का?

येतं, पण दार अरुंद आहे. पोलीस आपल्या पदाच्या अधिकारात, प्रामाणिकपणे काही करत असेल, तर ती कृती कायद्याच्या काटेकोर चौकटीत बसत नसली तरी तिच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही (कलम ३७). अपवाद एकच : त्या कृतीमुळं मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती निर्माण झाली तर. तो पोलीस आहे हे माहीतच नसेल तर गोष्ट वेगळी.

साध्या भाषेत सांगायचं तर, पोलीस चुकीची पावती फाडतोय, ट्रॅक्टर विनाकारण अडवतोय असं वाटलं तरी अंगावर जायचा हक्क नाही. तिथं गप्प राहून दुसऱ्या दिवशी एसपी ऑफिसला अर्ज देणं हाच रस्ता.

केस मिटवता येते का?

मारामारीच्या साध्या केसेस आपसात मिटतात, या मिटत नाहीत. १२१ आणि १३२ तडजोडीच्या यादीत नाहीत. "अमुक साहेबांना सांगून मिटवतो" म्हणून पैसे मागणारा मध्यस्थ भेटला तर पैसे जातात आणि केस राहते.

कायदेशीर रस्ते दोन. चार्जशीटमध्ये गुन्ह्याचा पायाच दिसत नसेल तर दोषमुक्तीचा अर्ज. नव्या कायद्यात त्याला ६० दिवसांची मुदत आहे : सेशनच्या केसमध्ये केस सेशनला वर्ग झाल्यापासून, मॅजिस्ट्रेटपुढं चार्जशीटच्या प्रती मिळाल्यापासून. दुसरा रस्ता म्हणजे हायकोर्टात गुन्हा रद्द करण्याची याचिका (कलम ५२८). कलम २२१ बाबत एक बारकावा आहे : संबंधित सरकारी नोकराची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार थेट कोर्टात असल्याशिवाय कोर्ट त्याची दखल घेऊ शकत नाही. चार्जशीटमध्ये ती आहे का बघा.

पोलिसांनीच आधी मारलं असेल तर?

तक्रार लेखी द्या. ठाण्यात घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा, तिथंही काही झालं नाही तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडं अर्ज. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोगाकडंही जाता येतं. पण यात खोटं किंवा वाढवून लिहू नका. एक वाक्य खोटं निघालं तर खऱ्या नऊ वाक्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

केस चालू असताना पोलीस भरतीचा फॉर्म भरता येतो का? फॉर्ममध्ये गुन्ह्याची माहिती विचारली असेल तर ती खरी लिहा. लपवलेलं पडताळणीत सापडलं तर त्याच कारणानं निवड रद्द होऊ शकते.

पासपोर्ट मिळतो का? केस प्रलंबित असेल तर कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

तारखेला गेलो नाही तर? वॉरंट निघतं आणि जामीन रद्द होऊ शकतो. पेरणी असो की लग्न, आधी वकिलामार्फत गैरहजेरीचा अर्ज द्या.

गावानं मोर्चा काढला तर फायदा होतो का? कोर्टात काही नाही. ठाण्यापुढं गर्दी जमली आणि पुन्हा दगड उडाला तर गावातल्या आणखी पोरांची नावं चार्जशीटला जातात.

प्रत्येक केसचे कागद वेगळे असतात, त्यामुळं वरची माहिती वाचून स्वतःच अर्ज लिहायला बसू नका. ही माहिती घेऊन वकिलाला भेटा आणि त्याला नेमके प्रश्न विचारा. घरात तरुण मुलगा असेल तर त्यालाही एकदा वाचायला द्या. गाडी अडवल्यावर खाली उतरून हात मागं ठेवून बोलायचं, एवढं जरी त्याच्या लक्षात राहिलं तरी वरच्या सगळ्या कलमांची गरज पडणार नाही.